पोचल्याची एक रिंग

मुलीचा ‘पोचले’ असा मेसेज आज अजून आला नाही, आणि मला नव्वदच्या दशकातलं ठाण्याचं ऑफिस आठवलं: एसीचा कोंदट गारवा आणि दारात घामाघूम आई. ऑफिसात पोचले की मी डोंबिवलीला आमच्या शेजाऱ्यांकडे एक रिंग द्यायचे, म्हणजे आईला कळायचं. त्या दिवशी त्यांचा फोनच बंद होता.

“रिंग नाही आली गं, म्हणून आले.”

मी आधीच वैतागलेली. “सॉफ्टवेअर तयार करायला कॉम्प्युटरला एकेक काम सांगणारी आमची स्क्रिप्ट बघ! मधलं एक काम फसलं, तरी गप्प पुढे गेली आणि शेवटी म्हणते, सगळं झालं.”

“मग तिला बघायला कोण जातं?”

मी हसले. दुपारी मात्र स्क्रिप्टच्या प्रत्येक पायरीला एकच नियम लावला: फसलीस तर थांब, आणि सांग.

मेसेज अजून नाही. मी चपला घातल्यात.