बेदाण्याशेजारची चित्रं

चित्र हातात दिलं की अण्णा आधी त्याचा वास घ्यायचे. मग ते उलटं करून मागचं कापड चिमटीत धरून बघायचे. पुढच्या बाजूला नजर गेली तर गेली. तासगावात बेदाण्याच्या व्यापारात हयात गेलेली, त्याला ते तरी काय करणार? असा एखादा व्यापारी तुमच्याही पाहण्यात असेल.

मी शाळेतला चित्रकलेचा मास्तर. सुट्टीत औंध, पलूस असं हिंडून तैलरंगात चित्रं काढायचो. कुणा चित्रकाराचा भाव तो मेल्यावर आभाळाला भिडला, असं अण्णांनी पुण्यात एका लग्नात ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन ते माझ्या दारात हजर. घरातली सगळी चित्रं त्यांनी एकदमच विकत घेतली. मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता.

"एक बी भाईर ठेवू नका, मास्तर. थोडा माल भाईर ऱ्हायला की दर पडतोय."

दर येईपर्यंत बेदाणा जिथं ठेवतात तिथंच चित्रं गेली. कोल्ड स्टोरेजमध्ये, प्लॅस्टिकात गुंडाळून, खोक्यांच्या थप्पीशेजारी. रंगाला ओल सोसत नाही, हे मी सांगून पाहिलं.

"बेदाणा टिकतोय, मग कापडाला काय हुतंय?"

सांगलीत प्रदर्शन भरवू म्हटलं, तर म्हणाले, "फुकट बघितल्यावर इकत कोण घ्यील?"

भेटले की माझ्या तब्येतीची मात्र फार आस्थेनं चौकशी करायचे. ती कशासाठी, याचा विचार मी टाळत असे.

काही वर्षांनी मुंबईच्या एका गॅलरीनं चित्रं बघायला मागितली. आम्ही दोघं ती आणायला गेलो. प्लॅस्टिक सोडलं तसा रंग खपल्या होऊन त्याच्याबरोबरच निघाला. उरला तो बुरशीनं काळवंडलेला. एकामागून एक सगळी तशीच. माझं आयुष्यभराचं काम कुणी न बघताच संपलं होतं. मला रडू आवरेना.

अण्णांनी एक कापड उचलून उजेडाकडं धरलं. "ह्यात काय काडलं हुतं?"

"औंधचा यमाईचा डोंगर. पायऱ्या चढणाऱ्या बायका."

कापडावरून त्यांनी हलकेच बोटं फिरवली. मग म्हणाले, "माझ्या आईचं म्हायेर औंध. आदी सांगायचं न्हाई व्हय, मास्तर? घरात लावलं असतं."

यंदा अण्णा गेले. भेटायला गेलो, तर बैठकीच्या भिंतीवर ते कापड चौकट घालून टांगलेलं. सून म्हणाली, "मामंजी रोज ह्याच्याम्होरं बसायचे. काय हाय ओ ह्यात?"

"आता काही नाही," मी म्हणालो.