आष्टुरे सरांचं अर्धं व्याख्यान

सिद्धलिंग आष्टुरे सरांना गप्प बसलेलं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. नांदेडला विद्यापीठाच्या गणित विभागात ते आणि मी बरोबरच लागलो. माझी खोली त्यांच्या खोलीला लागून. भिंतीपलीकडून दिवसभर त्यांचा आवाज यायचा. कधी विद्यार्थ्यांशी, कधी फोनवर, आणि कुणीच नसेल तर फळ्याशी.

सर मूळचे उदगीरचे. वडिलांचं मोंढ्यात आडतीचं दुकान होतं, पुढे ते थोरल्या भावानं, चंद्रप्पांनी सांभाळलं. घरात बोली कानडी, दाराबाहेर मराठी. शिक्षण लातूरला, मग हैदराबादला. लग्न झालं रेणापूरच्या उमादेवींशी. वहिनींना कानडी येत नव्हती, म्हणून नांदेडच्या घरात मराठीच रुळली. कानडी उरली ती सणाला उदगीरला गेल्यावर भावाशी बोलण्यापुरती; वहिनींशी तिथंही सगळे मराठीतच बोलत.

सरांचं काम पाण्यावर होतं. आपल्याकडे मातीखाली काळा खडक आहे, जागोजागी भेगाळलेला. वर पडलेलं पाणी त्या भेगांतून कसं उतरतं, कुठं अडतं, कुठून निसटतं, याची समीकरणं मांडायची. ती हातानं सुटत नाहीत. मग जमिनीचे बारीक चौकोन कल्पायचे आणि एकेका चौकोनाचं गणित संगणकाकडून करून घ्यायचं. या कामात त्यांचं नाव होतं, पण विभागात ते ओळखले जायचे शुक्रवारच्या व्याख्यानांमुळे.

ती त्यांनीच सुरू केली. शुक्रवारी दुपारी चहा, आणि चहानंतर कुणीतरी आपलं संशोधन सांगायचं. कधी बाहेरचा पाहुणा, कधी आमचाच पीएचडीचा विद्यार्थी. विषय काहीही असे: साथ कशी पसरते, उपग्रहाच्या चित्रातून पीक कसं ओळखायचं, पुलाखालून पाणी कसं वळतं. सरांचा नियम एकच. आधी गोष्ट सांगा, मग समीकरण. कुणी पहिल्याच स्लाइडवर चिन्हांचं जंगल उभं केलं की सर हात वर करून म्हणायचे, "थांबा जरा. हे कशाबद्दल आहे, ते माझ्या भावाला सांगतो तसं सांगा." लॉकडाऊनमध्ये व्याख्यानं ऑनलाइन गेली. कॅमेरे बंद, माइक बंद, आणि शेवटी प्रमाणपत्राची लिंक आली की सगळे एकदम जागे. सर वैतागायचे. विद्यापीठ उघडल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर व्याख्यानं परत हॉलमध्ये आणली.

पुढे एका डिसेंबरात, सकाळी शर्टाची बटणं लावता लावता त्यांचा उजवा हात खाली पडला. वहिनींना हाक मारायला गेले तर तोंडातून भलताच आवाज आला. वहिनींनी शेजाऱ्यांच्या मदतीनं तडक दवाखाना गाठला. जीव वाचला. पाय लवकर सुधारला, हातही हळूहळू हलू लागला. वाचा मात्र गेली.

डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतंय. शब्द सापडत नाहीयेत."

मी भेटायला गेलो की सर माझ्याकडे बघून काहीतरी म्हणायचे. दोन-तीन तुटक आवाज, पुन्हा पुन्हा तेच. मला कळायचं नाही. मग ते डोळे मिटून घ्यायचे. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी किती बोललो होतो, आणि आता मी खुर्चीवर बसून पंख्याकडे बघत होतो.

त्यांची एक विद्यार्थिनी होती, पुनम. हदगावकडची, शेतकरी घरातली. तिचा प्रबंध जवळजवळ पुरा झाला होता. तो सादर करण्याआधी विभागासमोर एक व्याख्यान द्यावं लागतं, तेवढं उरलं होतं. विभागात ठरलं की तिनं दुसरा मार्गदर्शक घ्यावा. त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं, सोय बघितली होती. पुनम माझ्याकडे आली.

"सर, मी सही दुसऱ्याची घेईन. पण मग त्यांना वाटंल की हिनं पण मला सोडलं."

"तू काय ठरवलंयस?"

"थांबते. बघू."

ती दर आठवड्याला सरांच्या घरी जाऊ लागली. पलंगाशेजारी लॅपटॉप ठेवायची, आपले आलेख दाखवायची. सर टक लावून बघायचे आणि एकाच जागी बोट ठेवून म्हणायचे, "तप्... तप्पु." ती आनंदानं मला सांगायची की सर प्रतिसाद देतात, शाबासकी दिल्यासारखं काहीतरी म्हणतात.

महाशिवरात्रीच्या सुमारास चंद्रप्पा उदगीरहून आले. आजारपणात ते एकदा धावत येऊन गेले होते, पण तेव्हा सर बेशुद्ध असल्यासारखेच होते. आता ते पलंगावर भावाच्या पायाशी बसले आणि घरात बोलतात तसं बोलले, "एन तम्मा?" म्हणजे, काय रे धाकट्या?

सरांनी तेच तुटक आवाज काढले. चंद्रप्पांनी मान डोलावली आणि कानडीतच काहीतरी उत्तर दिलं. सर पुन्हा बोलले. चंद्रप्पा हसले. मी खुर्चीवरून बघतच राहिलो. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला समजून राहिलं का ते?"

"समजायला काय हाय? पाणी मागून राहिलाय. गार नको म्हणतोय."

"पाणी?"

"नीरु म्हणाला की. नीरु म्हंजे पाणी. त्यो बोलून राहिलाय, उमा. तुमच्या भाषेत न्हाई, एवढंच."

वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला. "लई दिवसांपासून नीरु, नीरु करून राहिले," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, कुणाचं तरी नाव घेताहेत." मग आत गेल्या आणि कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सर ते घटाघट प्याले. पाणी त्यांना रोज मिळतच होतं; पण मागितलं आणि मिळालं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. ते म्हणाले, दोन-तीन भाषा बोलणाऱ्या माणसाला असा झटका आला तर कधी कधी एखादीच भाषा आधी परतते. बऱ्याचदा लहानपणची, पण तसा नेम नाही. त्यांनी लातूरच्या एका वाचा-उपचार करणाऱ्या मुलीचं नाव दिलं. अक्षरा तिचं नाव. तिलाही कानडी येत नव्हती, पण तिनं वहिनींना सांगितलं, "जे आहे तिथून सुरू करू. मराठीची घाई नको."

वहिनी माझ्याशी कधी मोकळं बोलल्या नव्हत्या. चंद्रप्पा आले त्या संध्याकाळी मला सोडायला फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव निघेना त्यांच्या तोंडातून. लहानपणचं पाणी निघालं. इतकी वर्षं संसार केला, अन् आत खोल जे ठेवलेलं होतं, त्यात मी नाहीच का हो?"

गणितात असं होतं की एखादी गोष्ट आत आहे हे माहीत असतं, पण ती बाहेर काढायची वाट सापडत नाही. वाट नाही म्हणून ती गोष्टच नाही, असं म्हणता येत नाही. हे त्यांना तेव्हा म्हणायला हवं होतं की नको, अजून ठरवता येत नाही. कदाचित त्यांना माझ्या गणिताची गरज नव्हती. कारण दुसऱ्या दिवसापासून वहिनी कानडी शिकायला बसल्या.

चंद्रप्पा परत गेल्यावर सकाळी फोनवरून शिकवायचे. ऊटा म्हणजे जेवण, साकु म्हणजे पुरे, इल्ला म्हणजे नाही. वहिनी पोळ्या करता करता मोठ्यानं घोकायच्या. एकदा ताटात वाढताना त्यांनी "साकु का?" असं अर्धं कानडी, अर्धं मराठी विचारलं आणि सर हसले. आजारानंतरचं पहिलं हसू. वहिनी म्हणतात, "माझ्या उच्चाराला हसले. हसू दे."

पुनमलाही कळायचं ते कळलं. एका दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि खुर्चीत बसून हसायलाच लागली.

"सर, तप्पु म्हणजे काय ठाऊक हाय का? चूक! इतके दिवस ते मला चूक, चूक म्हणून राहिले होते, अन् मी घरी सांगून राहिले की सर खूश हायेत!"

आणि चूक होतीच. तिच्या गणितात जमिनीच्या एका कडेनं थोडं पाणी गुपचूप नाहीसं होत होतं. खऱ्या जमिनीत ते कुठंतरी गेलं असतं. तिच्या संगणकात ते कुठंच गेलं नव्हतं, नुसतं हरवलं होतं. पुनमला बरंचसं काम पुन्हा करावं लागलं. उन्हाळा त्यातच गेला. सर शेजारी बसून बघायचे, डाव्या हातानं पाटीवर चिन्हं काढायचे. चिन्हं त्यांना सोडून गेली नव्हती.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी पुनमचं व्याख्यान ठरलं. विभागप्रमुखांनी सरांना नुसतं हजर राहण्याची विनंती केली. सरांनी मान हलवली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि फळ्याकडे बोट केलं. सुरुवात ते करणार होते.

"जमेल का त्यांना?" मी वहिनींना विचारलं.

"न्हाई जमलं तर न्हाई जमलं," वहिनी म्हणाल्या. "पण आपणच आधी ठरवायचं का?"

हॉल भरला होता. पुण्याहून एक परीक्षक आले होते. वहिनी पुढच्या रांगेत बसल्या. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये त्या प्रथमच येत होत्या. सर उठले, डाव्या हातात खडू घेतला आणि फळ्यावर एक चौकोन काढला. बाहेरून आत जाणारा बाण काढून ते म्हणाले, "बंतु." आतून बाहेर जाणारा बाण काढला. "होयतु." मग चौकोनाचा तळ खडूनं भरला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "उळीतु."

आलं. गेलं. उरलं. कुणी भाषांतर केलं नाही, करायची गरजही नव्हती. त्याखाली त्यांनी समीकरण लिहिलं, तीन पदांचं. पुण्याचे परीक्षक पुढे झुकून बघत होते.

मग सरांनी शेजारी दुसरा चौकोन काढला, दोन्हींच्या मधे खडकाची भेग दाखवली. पाणी इकडून तिकडे का जातं, हे सांगायचं होतं. दाबामुळे जातं. तो शब्द आला नाही. मराठीत आला नाही, इंग्रजीत आला नाही, आणि आडतीच्या दुकानातल्या कानडीत तो कधी लागलाच नसावा. सरांनी खडू फळ्यावर टेकवला. उचलला. पुन्हा टेकवला. ओठ हलत होते. मागे कुणीतरी खाकरलं. विभागप्रमुख उठून काहीतरी छानसं बोलायच्या बेतात होते. वहिनींनी वळून हातानंच त्यांना थांबवलं.

शेवटी सरांनी मान हलवली, खडू ठेवला आणि जाऊन खुर्चीत बसले. चेहरा लाल झाला होता.

पुनम उभी राहिली. "सर इथपर्यंत आले," ती म्हणाली. "पुढचं मी सांगते." तिनं प्रोजेक्टर लावलाच नाही. सरांचे दोन चौकोन तसेच ठेवून तिनं मधल्या भेगेवर बोट ठेवलं आणि तिथून बोलायला लागली. आधी गोष्ट, मग समीकरण. तिच्या हातून हरवलेलं पाणी, ते कसं सापडलं, हेही तिनं सांगून टाकलं. परीक्षकांनी दोन अवघड प्रश्न विचारले. एकाचं उत्तर तिनं नीट दिलं. दुसऱ्याला म्हणाली, "हे मला अजून माहीत नाही." त्यांनी ते लिहून घेतलं आणि मान डोलावली.

सगळे सरांचं अभिनंदन करत होते, पण सर चिडलेले होते. जिन्यावरून उतरताना मी त्यांचा दंड धरला होता. ते मधेच थांबले आणि स्पष्ट म्हणाले, "अर्ध." पुन्हा, "अर्ध!"

हा शब्द कानडीत आणि मराठीत सारखाच. ते कुठल्या भाषेत बोलले, मला आजही सांगता येणार नाही. मला ते व्याख्यान पूर्ण वाटलं होतं. पण त्यांना तसं वाटलं नाही, आणि व्याख्यान त्यांचं होतं. आम्ही कौतुकानं त्यांची समजूत घालत होतो, त्याचाच त्यांना जास्त राग आला असावा.

पुनमला पदवी मिळाली. ती आता लातूरला एका महाविद्यालयात शिकवते. सरांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. मराठी हळूहळू परतली. छोटी वाक्यं, मधे थांबे. वहिनींचं नाव त्या दिवाळीच्या आधी आलं. अंगणातून हाक मारली, सहज, काहीतरी हवं होतं म्हणून. काय हवं होतं ते वहिनींना आठवत नाही. इंग्रजी अजून फारशी आलेली नाही, आणि त्याचं त्यांना दुःख आहे, कारण त्यांचं निम्मं आयुष्य त्या भाषेतल्या लेखांत गेलं.

यंदा उदगीरला चंद्रप्पांच्या नातवाचं बारसं होतं, मीही गेलो होतो. सर गल्लीत खुर्ची टाकून भावाशी कुठल्याशा जुन्या वाटणीवरून वाद घालत होते. आत बायकांच्या घोळक्यात वहिनी मोडक्यातोडक्या कानडीत काहीतरी सांगत होत्या आणि बायका पोट धरून हसत होत्या. काय सांगत होत्या, ते मला एक अक्षर कळलं नाही.