दाखवायची भेंडी

ओट्यावरची भांडी आणि आमच्या घरातले किस्से, दोन्ही कधी संपत नाहीत. एक घासून पालथं घालावं, तर दुसरं सिंकमध्ये हजर! मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या पोट धरून हसतात. मला मात्र तेव्हा अजिबात हसू येत नव्हतं, खरंच सांगते.

कारण सासूबाई, म्हणजे आमच्या आई. सिल्वासात आमचा संसार त्यांच्याच जिवावर चालायचा. मी गलोंड्याच्या फॅक्टरीत क्वालिटीला, नवरा नीलेश मसाटला मेंटेनन्सला, शिफ्टचा काही मेळ नाही. मग जळगावला सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आई निघाल्या. वापीला गाडीत चढता चढता म्हणाल्या, "आरवीला नीट खाऊ घाला. पोरगी वाळलेली दिसली ना, तर शाळेतून नाव काढून जळगावला घेऊन जाईन तिला!"

नीलेश हसला. मी नाही हसले. आई बोलतात ते करतात. आणि आमची लेक आरवी म्हणजे आधीच काडी! तिला नेलं असतं तर मी जगलेच नसते हो.

* * *

पहिला घात मिठाने केला. नीलेश पहाटे वरणात मीठ घालून ड्यूटीला जायचा. मी उठून फोडणी द्यायचे आणि पुन्हा मीठ घालायचे. आरवीने एक घास घेतला आणि विचारलं, "मम्मी, हे दमणच्या समुद्राचं आहे का?"

नीलेश म्हणाला, "शिफ्ट बदलताना हँडओव्हर देतो ना आपण? तसा घरात पण द्यायचा!" ठरलं. मीठ घातलं की बरणी गॅसशेजारी, घालायचं राहिलं की फळीवर. एकदम झकास सिस्टीम!

दुसऱ्या दिवशी भांडीवाल्या ताईंनी ओटा पुसला आणि गॅसशेजारची बरणी उचलून व्यवस्थित फळीवर ठेवली. त्या दिवशी आम्ही तिघांनी बाहेरून पोहे आणून खाल्ले.

* * *

नीलेशला भाजी एकच येते. बटाट्याची. सोमवारी काचऱ्या, मंगळवारी फोडी, बुधवारी रस्सा.

"अरे, कंटाळेल ना ती!"

"साईज बदलतोय ना मी!"

आणि माझं म्हणाल तर मॅनेजरचा फोन आला की माझा भात करपतो. तो माणूस बरोब्बर दुसऱ्या वाफेलाच फोन करतो!

* * *

दर रविवारी आरवीला केमिस्टच्या दुकानातल्या वजनकाट्यावर उभं करायचे. आकडा मनासारखा आला नाही की तिला बूट घालायला लावायचे, मग पाण्याची बाटली हातात द्यायचे. एकदा खिशात चिल्लरही घातली. कोणाला फसवत होते कोण जाणे! मनाला जरा धीर, बाकी काय.

शेवटी केमिस्टकाका वैतागले. "बेन, छोकरी छे, सोनुं नथी!"

* * *

आईंचा रोज जेवायच्या वेळेला व्हिडिओ कॉल. "ताट दाखव!" मी फोन इतका जवळ धरायचे की ताट कॅमेऱ्यात मावायचं नाही.

एका रविवारी माझ्याकडून भरली भेंडी चक्क छान झाली. आई खूश! "वं माय! जमली की तुला!"

आणि तिथेच माझं डोकं चाललं. फॅक्टरीत प्रत्येक बॅचचं सॅम्पल आम्ही जपून ठेवतो, ऑडिटरला दाखवायला. मी वाटीभर भेंडी फ्रीजमध्ये ठेवली. कॉल आला की वाटी ताटात, कॉल संपला की वाटी फ्रीजमध्ये! चमक जायला लागली तेव्हा नीलेशने तिला वरून तेलाचा हात फिरवला.

"पोरीला भेंडी भारीच आवडते वाटतं," आई म्हणाल्या.

"हो ना आई!" म्हणत मी वाटी कॅमेऱ्यापासून जरा लांब सरकवली.

* * *

आणि एका शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात आई! हातात पिशवी, आधी फोन नाही की काही नाही.

"सरप्राईज ऑडिट," नीलेश माझ्या कानात पुटपुटला.

आईंनी चप्पल काढली आणि आरवीला थेट कडेवर घेतलं. त्यांचा काटा तो! एकदा वर सरकवली, तोलून पाहिली, खाली ठेवली. आकडा काय आला, देव जाणे!

जेवायला बटाट्याच्या काचऱ्या आणि भात. करपलेला, अर्थात. आईंनी फ्रीज उघडला, भेंडीची वाटी काढली आणि आरवीच्या ताटात ठेवली.

आरवी घाबरून ओरडली, "आजी, ती खायची नसते! ती तुला दाखवायची असते!"

मी फरशीकडे बघायला लागले. नीलेशला अचानक पाणी आणायची आठवण झाली.

"मग तू काय खाते गं?" आईंनी विचारलं.

"पप्पाचे बटाटे! आणि मम्मीचा काळा भात, तूप घालून. खालची खरवड मी कोणाला देत नाही!"

आईंनी पातेलं पुढे ओढलं. तळ खरवडला, तूप घातलं, कालवून खाल्लं. पुन्हा खरवडला. आता आरवीला नेतात की काय, म्हणून मला रात्रभर झोप नाही.

सोमवारी नीलेश त्यांना वापीला सोडायला निघाला. मी आरवीचा हात घट्ट धरून दारात उभी. आईंनी पिशवी उचलली, आरवीचा गालगुच्चा घेतला आणि तिला न घेताच जिना उतरल्या. मी तिथेच पायरीवर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला कॉल आला. सवयीने माझा हात फ्रीजकडे गेला.

"भेंडी राहू दे," आई म्हणाल्या. "खरवड दाखव!"