शालूच्या उशाची भिंत

शालू आमच्याबरोबर निघाली तेव्हा तिची आई, म्हणजे माझी वहिनी, फाट्यावर उभ्या उभ्या तिच्या वेण्या घालत होती. एस्टी दिसली तरी तिचा हात थांबेना. कंडक्टर ओरडला तेव्हा दुसरी वेणी अर्धीच झाली होती. ती माझ्या बायकोने, मालतीने, गाडी घाट चढत असताना पुरी केली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, खिडकीखाली आला आणि लेकीला एवढंच म्हणाला, "काकाच्या घरात आपल्या घरासारखी ऱ्हा." मग माझ्याकडे बघून हसला. तो माझ्यावर विश्वास टाकत होता असंही म्हणता येणार नाही. सख्ख्या भावाकडे पोरीला शिकायला धाडायचं, त्यात विश्वास कसला टाकायचा?

आपल्या वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने यंदाच्या अंकासाठी गाव सोडल्याच्या आठवणी मागितल्या आहेत. माझ्याबरोबरचे लोक खानावळीचं लिहितील, एका खोलीत आळीपाळीने झोपल्याचं लिहितील. ते सगळं मीही केलं. पण मी एकटा गाव सोडून आलो त्यात लिहिण्यासारखं काही नाही. गेलो, कुणी रडलं नाही, कारखान्यात लागलो. मी दुसऱ्यांदा निघालो ते मला लिहायचं आहे, कारण त्या खेपेला जे बरोबर आणलं ते माझं नव्हतं.

त्या वेळचं भाईंदर तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलेलं नाही. स्टेशन सोडलं की थोडी घरं, मग भातखाचरं, मग मिठागरं आणि खाडी. आमची खोली एका जुन्या आगरी घराच्या मागच्या अंगाला होती. मालक म्हातारबा, त्यांची पूर्वी मिठागरं होती. शेजारी गुजराती कुटुंब. मालती आल्या आल्या "पानी आया क्या" म्हणायला शिकली आणि गावाकडचं "गो" मात्र पत्र वाचतानाच तोंडात येऊ लागलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. त्याबद्दल आम्ही दोघं बोलत नव्हतो. मी कारखान्यातून आलो की चहा मिळे, मग जेवण, आणि मधल्या वेळात दोघंही दाराबाहेर बघत बसायचो.

अकरा वर्षांची शालू आली आणि तिने एका आठवड्यात त्या खोलीचं घर केलं. शाळेतून आली की म्हातारबांच्या बोलण्याची नक्कल करायची, गुजराती काकूंकडून ढोकळा आणायची, मालतीला पाढे विचारायची आणि चुकले की कान पकडायला लावायची. मालती हसते कशी, हे मी विसरलोच होतो.

तिचं अंथरूण पश्चिमेच्या भिंतीला. दुसरी जागाच नव्हती. एका बाजूला दार, एका बाजूला मोरी, एका बाजूला स्टोव्ह.

ती भिंत आधीपासूनच ओली होती. खाली घोट्याएवढ्या उंचीवर पांढरा लोणा फुलायचा, पिठासारखा हाताला लागायचा. पावसाळ्यात त्याच्यावर काळे ठिपके उठत आणि वर चढत. शालूच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशीची लव यायची. "काका, भूगोलाला मिशा फुटल्या," असं म्हणून ती फडक्याने पुसायची. आम्ही तिघं हसायचो.

आता मी काय केलं ते सांगतो. तुम्हा गावातल्या लोकांना ते चटकन समजेल, कारण तुम्हीही तेच केलं असतंत. आपल्याकडे पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्या विणून झापं बांधतात. झोडपणारा पाऊस झापांवर पडतो, आतली भिंत सुकी राहते. वडिलांनी मला आणि दादाला लहानपणी तेच शिकवलं, आधी झापं मग बाकीची कामं. मी उत्तनच्या बाजूने झावळ्या आणल्या, रविवारभर विणल्या आणि ती भिंत बाहेरून तळापासून पागोळीपर्यंत झाकून टाकली. मालतीला माझा अभिमान वाटला. म्हातारबा काठी टेकत आले, बघत राहिले, म्हणाले, "झाकू नको बाला. खाडीचे रेतीची भित हाय ती. तिला वारा पायजे, पानी वरून न्हाय, खालून येतं." मी मनात म्हटलं, मालकाला दुरुस्ती नको असते, म्हणून तो असंच बोलणार. भाडेकरू आणि मालक यांच्यात खरं बोललेलंही खोटंच ऐकू येतं. झापं मी तशीच ठेवली, पावसाळा संपल्यावरही. ऊन नाही, वारा नाही, भिंत आतल्या आत कुजत राहिली. त्या हिवाळ्यात काळं शालूच्या उशापर्यंत आलं.

ही माझी चूक, पण ती मला छळत नाही. अजाणतेपणी झाली. पुढचं जाणून केलं.

शालूला खोकला लागला. मग पहाटे उठून बसायला लागली, गुडघ्यावर हात टेकून, खांदे वर करून. मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, घरात ओल आहे का. मी म्हटलं, थोडी आहे, सगळ्यांकडे असते. ते म्हणाले, हिला काही दिवस गावी पाठवा, कोरड्या जागेत, नाहीतर हे धरून बसेल. मालती बाहेर बाकावर बसली होती. तिला मी सांगितलं, हवा बदलतेय म्हणून होतंय, औषध दिलंय.

का सांगितलं तसं? गावी धाडली तर दादा तिला परत पाठवणार नाही, हे मला माहीत होतं. आणि ती गेली की आम्ही पुन्हा दाराबाहेर बघत बसणार. एवढंच. दुसरं कारण शोधून मी थकलो, नाही सापडलं.

मे महिन्यात दादा तिला बघायला येणार असं कळलं. मी रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "ऑइल पेंट मारो भाई, फिर दीवार की तरफ देखनाइच नहीं." मी काळं खरवडलं, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरला आणि फिकट हिरवा ऑइल पेंट दोन हात मारला. आमच्या आळीत तेव्हा ऑइल पेंट कुणाकडेच नव्हता. गुजराती काकू बघून गेल्या. त्या वासाने शालू दोन दिवस बाहेर ओट्यावर झोपली. दादा यायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "खोकल्याचं बाबांना सांगू नकोस हं. उगाच काळजी करतील." ती म्हणाली, बरं काका.

दादा फणस घेऊन आला. आल्या आल्या त्याने भिंतीवर तळवा फिरवला. "वसंता, ही भिंत हाय का आरसा रे?" म्हणाला. मग जेवताना सहज विचारलं, शालू रोडावल्यासारखी दिसते, हिला हितली हवा मानवते ना? मी भात कालवत होतो. मी शालूकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. ती म्हणाली, "हो बाबा. मला इथं बरं वाटतं."

दादा तीन दिवस राहिला. ते तीन दिवस तिने खोकला कसा दाबून ठेवला ते तिलाच ठाऊक. तो गेला आणि गावात त्याने सगळ्यांना त्या भिंतीचं सांगितलं.

रंगाने ओल आत कोंडली. पावसाळा मध्यावर आला तेव्हा भिंतीला फोड आले, भाजल्यावर येतात तसे. बोट लावलं की फुटायचे, आतून पाणी आणि काळा चिखल. शालू एका सकाळी शाळेचं दप्तर भरता भरता खाली बसली ती उठली नाही. ओठ निळे पडले होते. मोठ्या इस्पितळात नेलं. जगली. पण डॉक्टर म्हणाले होते तेच झालं, दम्याने तिला धरलं. मी तिला गावी पोचवली. दादाला सांगितलं, अचानक झालं.

त्यानंतरची माझी वर्षं त्या भिंतीवर गेली. झापं जाळली. गिलावा विटेपर्यंत उतरवला. मोरचूद मारलं, डांबर मारलं, सिमेंट केलं. गवंडी म्हणाला, साहेब, ह्याच्यात मीठच आहे, मिठाला काय करणार, भिंत पाडा. म्हातारबा तोवर गेले होते. त्यांच्या मुलांना भिंत पाडायची नव्हती. दरवर्षी मी नवा इलाज करायचो, दरवर्षी ओल थोडी उशिरा यायची आणि यायची. मालती एकदा म्हणाली, "आता कुणासाठी करताय?" तेव्हापासून बंद केलं. आता आम्ही नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहोत. भिंती खडखडीत कोरड्या. स्वच्छ, मोकळी जागा. मालती दुपारी झोपते, मी गॅलरीत बसतो.

शालू आता बाई झाली. तुम्ही तिला पडवीत बसलेली बघता. दोन स्थळं आली आणि श्वासाचा आवाज ऐकून गेली. शाळा सुटली ती सुटलीच. आणि गावात सगळ्यांनी मिळून ठरवलं की दमा वहिनीच्या माहेरचा. तिच्या वडिलांना होता ना! सोयरीक करतानाच बघायला हवं होतं, म्हणाले. वहिनीला चुलत सासवांनी तोंडावर ऐकवलं. मी सुट्टीत गेलो की ते माझ्यासमोर बोललं जाई. वहिनी मान खाली घालून मला वाढत असायची. "भाऊजी, आणखी घ्या," म्हणायची. मी घ्यायचो.

या माघात वहिनी गेली. बाराव्याला तिचे माहेरचे लोक आले, ते वेगळ्या पंगतीला बसले. कुणीतरी म्हणालंच, आपण गेली पण रोग पोरीला देऊन गेली. दादाने ऐकलं आणि मान हलवली. तिथेही मी गप्प.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शालूजवळ पडवीत बसलो आणि तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, रंगाचं, तिच्याकडे पाहिलं त्याचं. मला वाटलं ती रडेल, किंवा मला ऊठ म्हणेल. तिने आधी श्वास जमवला.

"मला माहीत होतं काका," ती म्हणाली. "भिंतीत काय होतं ते माझ्याएवढं कुणी बघितलंय? पण बाबांना हो मीच म्हटलं. मला शाळा सोडायची नव्हती. आईला बोलायचे तेव्हा मीपण गप्प बसले. मला वाटायचं, खोटं तर मी बोलले."

म्हणजे मी तिला नुसता दमा दिला नव्हता. अकरा वर्षांच्या पोरीच्या पदरात माझं पापही बांधून दिलं होतं, आणि ते ती आपलं म्हणून सांभाळत होती. मी म्हटलं, नाही गो, तुझं काही नाही त्यात. तिने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. आता ते कुणाला पटवता येईल असं मला वाटत नाही. जिने ऐकायला हवं होतं ती वहिनी ऐकायला उरली नाही.

"मंडळाच्या अंकात लिहा," शालू म्हणाली. "अंक आला की बाबांना मीच वाचून दाखवते. त्यांना चष्म्यानेही दिसत नाही."

म्हणून हे लिहिलं. वाडीतल्या लोकांनो, वहिनीच्या माहेरी दमा होता तो त्यांच्याकडे राहिला. हा माझ्या घरचा. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, गावाकडून कुणाचं पोर शिकायला आणून ठेवतात, त्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. मी चांगलाच काका होतो. ती मला हवी होती.

घर म्हणायचं झालं तर ते दादाचं. इथं राहून मी इतकी वर्षं तेच म्हणत आलो, आणि वहिनी असेपर्यंत तिथं माझं ताट मांडलं गेलं. दादा, हे शालू तुला वाचत असेल तर तिला मध्ये थांबू दे, तिला सलग वाचवत नाही. गणपतीला मी यावं की नाही ते तू कळवशील तसं. नाही कळवलंस तरी मला कळेल.