मुडपलेलं बोट

रोहिणखेडच्या रानात भूछत्रांचे कृष्णधवल फोटो काढायला मी पालथा पडलो होतो. पोट चिखलात, ऐट कलावंताची. मोळी घेतलेली एक म्हातारी थांबली. मुडपलेल्या बोटानं तिनं पलीकडची भूछत्रं दाखवली.

"बोट सरळ काऊन नाही करत, माय?"

"सरळ बोट ज्याले दाखवलं ते सडते, बाप्पा. तुह्या यंत्राचं तं बोट केवढं हाय!"

मी विज्ञानाचा मास्तर. खो खो हसलो आणि लांब लेन्स वळवून तिचाच फोटो काढला. तिनं पदर तोंडावर घेतला, पण उशिरा.

दुसऱ्या दिवशी फोटो काढलेली सगळी भूछत्रं विरघळून काळी शाई झाली होती. तिनं दाखवलेली मात्र तशीच पांढरीशुभ्र.

काही जाती अशाच विरघळतात, हे मीच शिकवतो. तरी मोताळ्याच्या दर बाजारात तिला शोधतो. अजून दिसली नाही. वर्गात पोरांकडे बोट करताना मात्र ते आपोआप मुडपतं.