बरक्याची चिनी भाजी आणि एक चुकलेला फोटो

इथे आखातात दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्या बौशरचे मॉल पालथे घालायचा मला वीट आला होता. तेवढ्यात ऑफिसातल्या एकाने सांगितलं की समुद्रकाठच्या बरक्याला एक चिनी बाई पाक चोई नावाची पालेभाजी पिकवते, पण तिचं दुकान नाही, पाटीसुद्धा नाही. मग गिऱ्हाईक येतं कुठून? मला चैन पडेना. नवरा म्हणाला, "आधी मासळी बाजार, मग तुझ्या चौकशा."

सकाळी लवकर निघालात तर रस्ता मोकळा मिळतो आणि तासाभरात बरका येतं. आइसबॉक्स न्या. सुरमई तिथेच साफ करून, तुकडे करून देतात, त्याचे पैसे वेगळे. बाहेर शंभर बैसाला, म्हणजे इथल्या चिल्लरीत, दाट दुधाचा करक चहा मिळतो, तो चुकवू नका.

शेत खजुराच्या बागांमागे आहे, शेवटचा रस्ता कच्चा. ती चिनी बाई म्हणजे लिन, चाळिशीची, उजवा हात प्लास्टरमध्ये. जाळीच्या मांडवावरून पडली म्हणे. तिचं हिंदी भारतीय गिऱ्हाइकांकडून उचललेलं, जेमतेम पण बिनधास्त. "दुकान इधर," म्हणत तिने फोन पुढे केला. चिनी ॲपवर लेबर कॅम्पात राहणाऱ्या चिनी कामगारांचा ग्रुप होता. एकाच्या ऑर्डरखाली दुसरा आपली जोडतो, आणि साखळी पुरेशी लांबली की गाडी निघते. पाटी हवीच कशाला!

"घर पे बताया, हाथ का?" मी नको तिथे नाक खुपसलं.

"नहीं. मम्मी का बीपी."

फोटो टाकताना ती घरच्यांना वगळते. त्या ॲपमध्ये तशी सोयच आहे. आईला फक्त हिरवे वाफे आणि समुद्र दिसतो. तिच्या ओळखीचे सगळे असंच करतात, असं तिचं म्हणणं.

बोलता बोलता तिने फोन पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. सकाळी गिऱ्हाइकांसाठी तिने प्लास्टरचा फोटो टाकला होता, भाजी उशिरा येईल म्हणून. डाव्या हाताने टाकताना घरच्यांना वगळायचं राहून गेलं. आणि खाली आईचं लाईक!

"खलास," ती म्हणाली. फोटो तिने लगेच काढला, पण आईने पाहायचा तो पाहिलाच होता. तरी आईचा फोन येईना. लिनला तेच जास्त छळत होतं. "मम्मी गुस्सा. या हॉस्पिटल."

"तो आप करो ना फोन!"

"अगं, बर्फ वितळतोय!" नवरा गाडीतून ओरडला. मी ऐकलंच नाही.

व्हिडिओ लागला, पण पडद्यावर नुसतं छत. लिन आधी हळू बोलली, मग चढ्या आवाजात. शेवटी फोन हलला आणि आई दिसली. एका डोळ्यावर पांढरी पट्टी.

मोतीबिंदूचं ऑपरेशन, लेकीला न सांगता. "एक हफ्ता व्हिडिओ नहीं, ओन्ली आवाज भेजती," लिनने मला सांगितलं आणि पुन्हा आईवर तुटून पडली. आईही काही कमी नव्हती. दोघी यथेच्छ भांडल्या, मग आईने पट्टीवर बोट ठेवून काहीतरी म्हटलं आणि दोघी हसत सुटल्या. मला मात्र रडू आलं.

लिनने पाक चोईच्या जुडीचे पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर लसूण घालून नुसती परतली, झकास झाली. पण सुरमईच्या शेजारी ती वाढतानाही माझं लक्ष ताटात नव्हतं. जेवण उरकून साताऱ्याला आईला फोन लावला.

"आई, तू माझ्यापासून काय लपवते आहेस?"

"काही नाही गं," ती म्हणाली, आणि इतक्या पटकन म्हणाली, की मी खुर्ची ओढून बसले.

"बरं. आता सावकाश सांग."