बारा मिनिटं पुढे

वेधशाळा म्हटलं की पुण्याच्या माणसाला आधी पाऊस आठवतो, आणि मग त्या पावसाबद्दल वेधशाळेनं काय सांगितलं होतं ते आठवतं. आम्ही गेलो ती वेधशाळा ही नव्हे. ती ताऱ्यांची. शहराच्या ऐन मध्यात, एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या आवारात, दुचाक्यांच्या पार्किंगच्या मागे ती उभी आहे, आणि त्या रस्त्यानं चाळीस वर्षं येऊन-जाऊन मला तिचा पत्ता नव्हता. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं एका रविवारी सकाळी तिथं सहल काढली. मी त्रेसष्ट वर्षांची, म्हणजे संघात अजून कच्च्या लिंबांत जमा. बाबा एक्क्याण्णव. ते अशा सहलींना कधी येत नाहीत, पण 'जुनी घड्याळं बघायला मिळतील' एवढं वाक्य पुरलं. सकाळी सातलाच टोपी घालून दारात उभे.

बाबा खडकीच्या कारखान्यात नोकरीला होते. शनिवार पेठेतून सायकलनं जायचे. पस्तीस वर्षांत एकदाही उशिराची नोंद नाही, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की ते आमच्या घराण्याचं ब्रीदवाक्य व्हायला हरकत नाही.

जानेवारी असूनही आभाळ भरून आलं होतं. वेधशाळेचा घुमट गंजून जागच्या जागी बसलेला, आता फिरत नाही. दुर्बीण कधीच कुठं तरी गेली. कबुतरांनी घर केलंय आणि त्यांच्या विष्ठेचा वास जिन्यापासूनच सुरू होतो. शेजारच्या खोलीच्या छपराला दक्षिणोत्तर एक लांब फट आहे. पूर्वी त्या फटीतून तारा ठरलेल्या रेषेवरून सरकताना पाहायचे आणि त्यावरून घड्याळ तपासायचे. फटीवर आता पत्रा ठोकलाय. खाली लंबकाचं उंच घड्याळ बंद पडून उभं होतं. मला एकाएकी फार उदास वाटलं. साऱ्या गावाला वेळ सांगणारी ही खोली, आणि आता तिलाच कुणी विचारत नाही.

माहिती सांगायला संशोधन करणारी एक मुलगी होती. तिनं कपाटातून एक लाकडी पेटी काढली. आत पितळी घड्याळ, दोन कड्यांमध्ये असं टांगलेलं की पेटी तिरकी केली तरी ते सपाटच राहावं. जहाजावरचं घड्याळ, ती म्हणाली.

"समुद्रावरचं घड्याळ पुण्यात काय करतंय?" आमच्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं.

"सर, सर्व्हेवाले बरोबर कॅरी करायचे. जमिनीवरही रेखांश काढायचे तर मेथड सेमच ना. निघालो त्या गावाची वेळ या घड्याळात असते. सूर्य डोक्यावर आला की आपण आहोत तिथले बारा. दोन्हीतला डिफरन्स काढायचा. चार मिनिटं म्हणजे एक अंश."

मी मान डोलावली. मी तीस वर्षं सातवीला भूगोल शिकवला. चार मिनिटांना एक अंश हे मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

पेटीच्या झाकणात आतून पिवळं पडलेलं कार्ड होतं, त्यावर बारीक अक्षरात आकडे. "हे सगळ्यात इंटरेस्टिंग आहे," मुलगी म्हणाली. "या घड्याळाचे काटे कुणी दुरुस्त करायचे नाहीत. रोज किती पुढे जातंय, किती मागे पडतंय, एवढं फक्त लिहून ठेवायचं. घड्याळ चुकलं तरी चालतं, ॲक्च्युअली. किती चुकलंय ते माहीत पाहिजे. ते माहीत नसलं की जहाज खडकावर."

"आमच्याकडे उलटं होतं," बाबा मोठ्यानं म्हणाले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते सगळं मोठ्यानंच बोलतात. सगळे वळले. बाबांना श्रोते मिळाले.

"आमच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ मी बारा मिनिटं पुढे लावून ठेवायचो. बिऱ्हाड केलं त्या दिवसापासून. आणि घरात कुणालाही बोललो नाही. घड्याळ पुढे आहे हे कळलं की माणूस मनातल्या मनात वजाबाकी करतो, आणि व्हायचा तो उशीर होतोच. म्हणून गुपचूप."

सगळे हसले. "आणि आजींना कधीच कळलं नाही?" मुलीनं विचारलं.

"कळणार कसं? घरात दुसरं घड्याळ नव्हतं. पुढे रेडिओ घेतला. त्यावर वेळ सांगतात, म्हणजे चोरी पकडली जाणार. मग रेडिओ लावायच्या आधी मी घड्याळ मुकाट्यानं बरोबर करून टाकलं. बाईसाहेब गेल्या, पण त्यांना पत्ता लागला नाही."

लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मीही हसत होते. मग माझं हसणं थांबलं.

रेडिओ आमच्याकडे आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आणि माझा जन्म त्याच दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात झाला होता.

आता हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या पेठेत तेव्हा बाळंतपणं घरी होत. नर्सबाई यायच्या, आतल्या खोलीत पाणी तापायचं, पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालायची. माझी जन्मवेळ सकाळी नऊ वाजून सदतीस मिनिटं. आईनं ती कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवली होती. घड्याळ बाहेरच्या खोलीत, म्हणजे ती वेळ कुणीतरी बघून आत सांगितली असणार. कुणी, ते मी कधी विचारलं नव्हतं.

नऊ सदतीसवरून माझी पत्रिका मांडली गेली. जन्माच्या क्षणी पूर्वेला जी रास उगवत असते तिला ज्योतिषी 'लग्न' म्हणतात. माझं लग्न त्या राशीच्या अगदी पहिल्या अंशावर होतं, नुकतंच दारात पाऊल टाकलेलं. तिथून घरं मोजली की मंगळ येत होता आठव्यात. आठवा मंगळ म्हणजे नवऱ्याच्या जिवाला धोका. मुलगी कशीही असो, पत्रिका उघडली की लोक चहासुद्धा अर्धा टाकून उठायचे.

मी चोवीस वर्षांची असताना एक स्थळ आलं होतं. मुलगा सर्वेक्षण खात्यात होता. बघायला आला तेव्हा इकडचं तिकडचं न बोलता त्यानं मला विचारलं, "पुण्याचे रेखांश किती?" मी म्हटलं, "त्र्याहत्तर अंश एक्कावन्न मिनिटं." तो म्हणाला, "बावन्न." मी उठून नकाशांचं पुस्तक आणलं. एक्कावन्न निघाले. तो कान धरून हसला, आणि मला तो आवडला. सरळ सांगते, फार आवडला. त्यानंतर मला कुणी तसं आवडलं नाही.

त्याच्या घरी पत्रिका गेली आणि आठ दिवसांत परत आली. त्याचा या गोष्टींवर विश्वास नाही, पण आईपुढे त्याचं चालत नाही, असा निरोप आला. तेव्हा आमचे ज्योतिषी स्वतः होऊन घरी आले. भले गृहस्थ होते. बाबांना म्हणाले, "अहो, वेळ दहा-बारा मिनिटं मागे घेतली तर लग्नच बदलतं. मंगळ जातो नवव्यात, प्रश्न मिटला. घड्याळं काय, मागे-पुढे असतातच. नवी पत्रिका करून देऊ का? सगळे करतात."

बाबा म्हणाले, "आमच्या घरचं घड्याळ मागे-पुढे नसतं."

"तरीपण, मुलीचा विचार करता..."

"खोटी वेळ लिहून मी मुलगी देणार नाही. वेळ म्हणजे वेळ."

मी आतल्या खोलीच्या दाराआड उभी होते. मला त्या वेळी बाबांचा अभिमान वाटला होता. आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता. आई चुलीपुढे बसून डोळे पुसत होती आणि मी मनात म्हणत होते, हा माझा बाप.

पुढे आणखी स्थळं आली, गेली. चौतिसाव्या वर्षी मीच बास म्हटलं. मग शाळा, वह्या, नकाशे, आईचं आजारपण, आईचं जाणं, आणि आता बाबांच्या गोळ्यांच्या वेळा. माझा पत्रिकेवर विश्वास नाही. कधीच नव्हता. पण ज्यांचा होता त्यांच्या हातात माझं आयुष्य होतं, त्याला मी काय करणार? माझं लग्न चुकलं म्हणून माझं लग्न राहिलं. मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे, ही थट्टा कुणी केली असेल कोण जाणे.

त्या कबुतरांच्या खोलीत उभ्या उभ्या मी हिशेब केला. आभाळही त्याच चालीनं फिरतं, म्हणजे बारा भागिले चार. तीन अंश. पहिल्या अंशावरून तीन अंश मागे म्हणजे आधीची रास, आणि मंगळ नवव्यात.

परतताना रिक्षात बाबा खुशीत होते. "मुलगी हुशार आहे," म्हणाले, "पण इंग्रजी फार घुसडते." मी बाहेर बघत होते. लकडी पुलावर नेहमीसारखी गर्दी, खाली नदीत काळं पाणी. मला राग आला होता. एक्क्याण्णव वर्षांच्या माणसावर येऊ नये इतका आला होता. वाटलं, याच रिक्षात सांगून टाकावं. ज्या सरळपणाचा आयुष्यभर तोरा मिरवलात ना, तो बारा मिनिटं खोटा होता. पण त्यांचा हात माझ्या हातात होता. चढता-उतरताना ते धरतात, मग सोडायचं विसरतात.

मी नाही सांगितलं. या वयात त्यांनी ते कळून घेऊन करायचं काय? आठवडाभर मी तुटक बोलले, भाजीत मीठ दोनदा घातलं, आणि रात्री पडल्या पडल्या त्या सर्वेक्षणवाल्याचं 'बावन्न' आठवत राहिले. तोही आता म्हातारा झाला असेल. असेल तर.

शनिवारी बाबा त्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतात. हो, तेच घड्याळ, अजून आमच्याकडे आहे. स्टुलावर चढायची बंदी केली तेव्हापासून मी ते खाली काढून देते. त्या शनिवारी त्यांनी मागितलं नाही. मला वाटलं विसरले. सोमवारी दुपारी घड्याळ थांबलं. मी चहा घेऊन आले तर ते त्याच्याकडे बघत बसलेले.

"काढून देऊ का खाली?" मी विचारलं.

"असू दे." मग विचारलं, "अंशाला चार मिनिटं म्हणाली ना गं ती?"

"हो."

"म्हणजे बाराला तीन."

मी चहा त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हणजे त्यांनाही आठवडाभर झोप नव्हती. मी मात्र तयारीत होते. या प्रश्नाची भीती वाटत होती म्हणून मी आधीच एक उत्तर रचून ठेवलं होतं.

"तुम्ही माझ्या वेळेचा विचार करताय का? अहो बाबा, ती आपल्या घड्याळाची नव्हेच. नर्सबाईंच्या मनगटावर घड्याळ होतं, त्यात बघून आईनं लिहिली. तिनं मला स्वतः सांगितलंय."

आयुष्यात बाबांशी मी इतक्या सफाईनं कधी खोटं बोलले नव्हते. वाटलं, सुटले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता थकवा होता.

"नर्सबाईंचं घड्याळ त्या दिवशी बंद पडलं होतं," ते म्हणाले. "तू झालीस तशी त्यांनी आतूनच हाक मारून विचारलं, किती वाजले हो? मीच सांगितलं."

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"ज्योतिषी आला तेव्हा मला खरंच आठवलं नाही. रेडिओ आल्यापासून मी ते विसरूनच गेलो होतो." त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "पण तू झालीस त्या दिवशी आठवत होतं गं. बारा वजा करून नऊ पंचवीस सांगणार होतो. तोंडात आलं होतं. पण तुझी आई आत होती, आणि घड्याळाचा साडेनऊचा टोला तिनं नुकताच ऐकला होता. तिला ऐकू गेलं असतं."